माळ्यावरचे बारा इंच

एकोणऐंशी सालच्या मे महिन्यात मी नागपूर सोडलं, त्या दुपारी बाबा छपरावर होते. आमचं घर दोन खोल्यांचं, वर टिनाचे पत्रे. निरोप द्यायला वस्तीतल्या बाया येणार होत्या, आणि मे महिन्यात त्या पत्र्याखाली भरदुपारी माणूस बसू शकत नसे. म्हणून बाबांनी सकाळीच पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे, भारे वर चढवले, त्यावर पोती अंथरली आणि ती भिजवत राहिले. ऑटो दाराशी आला तेव्हा ते शिडी उतरून खाली आले. हातांवर कोपरापर्यंत ओरखडे, डोक्याला बांधलेला दुपट्टा घामानं ओला. मी पाया पडले. आई रडत होती, मावशी रडत होती. बाबा म्हणाले, "पोचली की पत्र टाक. खोली कशी आहे ते लिही." मग सायकल काढून मिलमध्ये दुसऱ्या पाळीला गेले. स्टेशनवर आले नाहीत.

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. मुलगी एवढ्या दूर चाललीय आणि या माणसाला खोलीचं पडलंय. जन्म टिनाखाली काढलेल्या माणसाला कुठल्याही जागेबद्दल आधी हेच विचारावंसं वाटणार, हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

जर्सी सिटीतली खोली गरम होती. माझे मिस्टर अशोक माझ्याआधी दोन वर्षं तिथं आले होते. न्यूयॉर्कमधल्या एका कंपनीत ते पुलांची ड्रॉइंग्ज करायचे. इमारतीचं हीटिंग मालकाच्या हातात असायचं, आणि रेडिएटर इतका तापायचा की जानेवारीत आम्ही खिडकी उघडी ठेवून झोपायचो. मी तसं बाबांना लिहिलं. उत्तर आलं, "बाहेर बर्फ अन् घरात खिडकी उघडी, हे काही समजलं नाही. नीट लिही."

तुमच्यापैकी जे त्या काळात इकडे आले, त्यांना 'पाच वर्षं' म्हणजे काय ते सांगायला नको. आम्ही सगळेच पाच वर्षांसाठी आलो होतो. बुद्धजयंतीला कुणाच्या तरी अपार्टमेंटमध्ये पंधरा-वीस माणसं जमायची, वरण-भात व्हायचा आणि बोलणं फिरून तिथंच यायचं. कोण कधी परत जाणार, तिकडं काय करणार. आम्ही चांगल्या काचेच्या बशा घेतल्या नाहीत, नेताना जड होतील म्हणून. भिंतीला खिळा ठोकला नाही. सुटकेसा पलंगाखाली हाताशी असायच्या. मृणालचा जन्म झाला, मी कोर्स करून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागले, आणि पाच वर्षांतली पाच वर्षं तशीच शिल्लक राहिली.

चौऱ्याऐंशी साली आम्ही घर घेतलं. जर्सी सिटीपासून गाडीनं पाऊण तासावर, एका छोट्या गावात. लाकडी, दुमजली, साठेक वर्षांचं जुनं. अशोक म्हणाले, "जाताना विकून टाकू." मी मान डोलावली. सकाळी साडेसहाला घर सोडायचं, मृणालला बेबीसिटरकडे टाकायचं, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावायचा, आणि परत येऊन स्वयंपाक करायचा. त्या दिवसांत मी बऱ्याच गोष्टींना नुसती मान डोलावत असे. विचार करायला अंगात काही उरलेलं नसायचं.

त्या पहिल्या हिवाळ्यात मी बाबांना एक पत्र लिहिलं, त्याची आजही लाज वाटते. लिहिलं होतं, आमचं घर नशीबवान आहे, शेजाऱ्यांच्या छपरांवर आठ-आठ दिवस बर्फ राहतो, आमच्या छपरावरचा दोन दिवसांत वितळून जातो. वळचणीला हातहात लांब बर्फाच्या सुळ्या लटकायच्या, त्यांचंही वर्णन केलं होतं. फार सुंदर दिसतात म्हणून.

आमच्या डाव्या बाजूला वॉल्टर राहायचा. सत्तरीचा, जन्मभर सुतारकाम केलेला, बायको गेलेली. एका शनिवारी मी ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढत होते. तो कुंपणापाशी आला आणि आमच्या छपराकडे बोट करून म्हणाला, "तुम्ही आकाश गरम करताय, माहितेय ना?" मला कळलं नाही. मग त्यानं समजावून सांगितलं. अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या पोटमाळ्यावर, ऊब अडवणारं इन्सुलेशन जवळजवळ नाही. खालची ऊब वर जाते, पत्र्यासारखं छप्पर तापतं, बर्फ वितळतो, वळचणीला येऊन पुन्हा गोठतो. "त्या सुळ्या म्हणजे तुमच्या घरातली उष्णता आहे," तो म्हणाला. मी अशोकना सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी बाबा आले. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं, मिल बंद पडली होती. भाऊ नोकरीनिमित्त भिलाईला. ते एकटेच होते, म्हणून मी हट्टानं बोलावून घेतलं. ऑक्टोबरमध्ये आले तेव्हा झाडं लाल-पिवळी झाली होती आणि बाबा अंगणात पानं गोळा करत फिरायचे. त्यांना वरची उत्तरेकडची खोली दिली. घरातली तीच रिकामी होती.

डिसेंबर लागला. मी रोज विचारायची, "बाबा, थंडी वाजते का?" ते म्हणायचे, "नाही गं, मस्त आहे." अंगात दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी, पायात अशोकचे लोकरी मोजे. रात्रीचा खोकला ऐकू यायचा. तो खोकला जुना होता. बाबा मिलच्या ब्लोरूममध्ये होते, म्हणजे कापसाच्या गाठी फोडून पिंजायचं खातं. तिथं तीस वर्षं ज्यानं श्वास घेतला, त्याच्या छातीत कापूसच बसलेला असतो. खोकला आमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळासारखा होता, त्याच्याकडे कुणी लक्ष देत नसे.

एक दिवस मी लॅबमधून लवकर आले. मृणाल किचनमध्ये चित्र काढत होती. मी विचारलं, "आजोबा कुठायत?" ती मान वर न करता म्हणाली, "ही इज इन द बेसमेंट अगेन."

"अगेन?"

"एव्हरी डे," ती म्हणाली. "ही लाइक्स द फर्नेस."

मी तळघराचा जिना उतरले. घर तापवणाऱ्या फर्नेसशेजारी उलट्या ठेवलेल्या रंगाच्या डब्यावर बाबा बसले होते. मांडीवर महिन्याभराचं जुनं मराठी वर्तमानपत्र, कुणी तरी इंडियाहून आणलेलं. मला पाहून ते चोरी पकडल्यासारखे उभे राहिले.

"बाबा, इथं काय करताय?"

"काही नाही. इथं बरं वाटते. बॉयलरपाशी बसल्यावानी."

"वरच्या खोलीत थंडी वाजते, सांगितलं का नाही?"

"तू दिवसभर खपून येते. अजून काय काय सांगू तुले?"

ज्या माणसानं एका दुपारी पाहुण्यांना बसता यावं म्हणून उन्हात पऱ्हाट्या वाहिल्या, त्याला मी तीन महिने एका बर्फाच्या पेटीत झोपवत होते आणि विचारत होते, थंडी वाजते का. आठवड्याभरात त्यांना ताप चढला. छातीत इन्फेक्शन. पाच दिवस हॉस्पिटलमध्ये राहिले. डॉक्टरांनी घरी सोडताना एवढंच सांगितलं की या माणसाला गार खोली चालणार नाही. त्यांची खाट आम्ही लिव्हिंग रूममध्ये आणली. पण तिथं टीव्ही, मृणाल, येणारेजाणारे. बाबा अवघडून बसायचे, कुणी आलं की खाटेवरून उठून उभे राहायचे.

मग मी अशोकच्या मागे लागले. वीज कंपनीनं एक पुस्तिका पाठवली होती, तुमच्या अ‍ॅटिकला किती इन्सुलेशन हवं ते ठरवायची. त्यात देशाचा नकाशा होता, थंडीप्रमाणे पट्टे पाडलेला. आपला पट्टा शोधायचा, घर तेलावर तापतं की विजेवर ते बघायचं, आधी माळ्यावर किती इंच आहे ते मोजायचं, आणि त्यावरून किती घालायचं ते काढायचं. आमच्या पट्ट्याला बारा इंच निघत होते. पण खाली आणखी एक ओळ होती. या घरात तुम्ही अजून किती वर्षं राहणार आहात?

अशोकनी तिथं पेन्सिलीनं पाच लिहिलं आणि म्हणाले, "सहा इंच पुरे. तुळयांच्या बरोबरीनं भरून टाकू. बारा इंचांचं काम करून फायदा कोणाला? आपल्यानंतर राहायला येईल त्याला."

"बाबांना आत्ता थंडी वाजतेय."

"म्हणून तर सहा घालतोय ना!"

"तुम्ही सहा वर्षांपासून पाच वर्षं म्हणताय."

"मग काय म्हणू? कायमचं राहायचं म्हणू? तुझ्या बाबांसमोर म्हणू?"

आमचं भांडण सहा आणि बारा इंचांवर आठवडाभर चाललं. भांडी घासताना, गाडीत, दूध आणायला जाताना. मोठ्यानं कधीच नाही. दमलेली माणसं भांडतात तसं, अर्धं वाक्य बोलून उरलेलं सोडून द्यायचं.

रविवारी बाबा म्हणाले, "आधी वर किती आहे ते तर मोजा." आणि माझा विरोध न जुमानता शिडी चढले. अशोक पुढे, बाबा मागे, मी खाली शिडी धरून. वर जमीन नव्हती, नुसत्या तुळया आणि त्यांच्यामधे कापसासारखा जुना गुलाबी फायबरग्लास. फक्त तुळयांवरच पाय द्यायचा, मधे दिला तर खालच्या खोलीत. बाबांनी तोंडाला दुपट्टा बांधला होता, हातात मृणालची शाळेची लाकडी पट्टी. त्यांचा आवाज खाली यायचा. "इथं तीन इंच. इथं दोन. चिमणीपाशी तर काहीच नाही." मग, "जावईबापू, हे पाहा. हा कापूस काळा पडला."

अशोक म्हणाले, "जुना झालाय."

"जुना नाही. इथून हवा जाते. हवा जिथून जाते तिथं कापूस काळा पडते, आमच्या खात्यात जाळीवर पडे तसा. आधी हे भोक बुजवा. नाहीतर वर कितीही घाला, उपयोग नाही."

नंतर वॉल्टरनं वर येऊन बरोबर तेच सांगितलं. पण ते नंतर. त्या क्षणी बाबांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "ते कॉलेजचं पत्र पोचलं होतं ना? मी रजिस्टर्ड केलं होतं."

वर एक तुळई करकरली.

"दोन वर्षं झाली," बाबा म्हणाले. "तुम्ही कधी काही लिहिलं नाही म्हणून विचारलं."

मी शिडीला धरून उभी होते. कुठलं कॉलेज, कुठलं पत्र, मला काहीच माहीत नव्हतं. वरून अशोकचा आवाज आला. "पोचलं होतं बाबा. मी नाही म्हणून कळवलं."

ते दोघं खाली आले. अंगाला खाज सुटलेली, केसांत गुलाबी धागे. अशोक शिडीच्या खालच्या पायरीवर बसले आणि मग सगळं सांगितलं. त्यांनी नागपूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात लेक्चररच्या जागेसाठी अर्ज केला होता. त्यांचे आईवडील हयात नव्हते, म्हणून पत्ता बाबांचा दिला होता. निवड झाल्याचं पत्र तिथं आलं, बाबांनी ते न उघडता इकडे पाठवलं. पाकिटावरच्या कॉलेजच्या नावावरून काय ते त्यांनी ओळखलं. अशोकनी पत्र वाचलं, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये महिनाभर ठेवलं, आणि नकार कळवून टाकला. त्यानंतर वर्षभरात आम्ही घर घेतलं.

"का?" मी विचारलं.

"मी तिथंच शिकलोय," ते म्हणाले. "प्रॅक्टिकलला माझ्याबरोबर टेबल कोण घेणार यावरून दर वर्षी काय व्हायचं ते मला माहितेय. तेच लोक आता तिथं प्रोफेसर आहेत. मला पुन्हा त्या स्टाफरूममध्ये जाऊन आडनाव सांगायचं नव्हतं."

"मग मला सांगायचं ना! मी काय परत चला म्हणून गळ्यात पडले असते?"

"तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं." ते हाताचे धागे निपटत होते. "पाच वर्षं म्हणत राहिलं की बरं वाटायचं. परत जायचंय, फक्त अजून गेलो नाही."

मला रडू यायला हवं होतं किंवा राग. काहीच आलं नाही. नुसता थकवा आला, पायांतून वर चढत आला. दोन वर्षं मी फोनवर, पत्रांत, बुद्धजयंतीच्या जेवणात लोकांना सांगत होते की आम्ही जाणार. आईला तिच्या शेवटच्या आजारपणात तेच लिहिलं होतं. ती वाट बघत गेली. हे मी बोलून दाखवलं नाही. पण बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना ते कळलं.

ते म्हणाले, "तुझ्या मायले मी सांगितलं होतं. पत्राचं. ती म्हणे, गेला नाही तर बरं. पोरीले घर तर नीट भेटते तिकडं."

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत उभी राहिले. तिथून ऐकू आलं. बाबा अशोकना म्हणत होते, "मग आता किती घालता?" आणि अशोक म्हणाले, "बारा."

फेब्रुवारीतले दोन शनिवार-रविवार काम चाललं. वॉल्टर आणि अशोक वर, मी फायबरग्लासच्या गुंडाळ्या शिडीवरून पुरवायला. आधी चिमणीभोवतीची फट पत्रा ठोकून बंद केली, पाइपांभोवतीची भोकं बुजवली. वळचणीची हवेची वाट मोकळी ठेवायला पुठ्ठे लावले. मग तुळयांच्या मधे एक थर, आणि त्यावर आडवा दुसरा. बाबांना वर जायला मी सक्त मनाई केली होती, म्हणून ते खाली खुर्ची टाकून बसायचे आणि ओरडायचे, "दाबू नका! फुगलेला राहू द्या! कापूस दाबला की ऊब गेली!" वॉल्टरला मराठी येत नव्हतं. त्यानं विचारलं, म्हातारा काय म्हणतोय. मी सांगितलं. तो थांबला, म्हणाला, "ही इज राइट. निम्म्या लोकांना हे कळत नाही," आणि दुपारी काम संपल्यावर बाबांच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकून बसला. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. वॉल्टर आपल्या हाताची तुटलेली बोटं दाखवायचा, बाबा छातीवर हात ठेवून खोकून दाखवायचे. त्यांचं बरं जमलं.

मार्चमध्ये शेवटचा मोठा बर्फ पडला. सकाळी बाबांनी मला अंगणात बोलावलं. आमच्या छपरावर पांढरी चादर तशीच होती. तिसऱ्या दिवशीही होती. वळचणीला सुळ्या नव्हत्या. बाबा वरच्या खोलीत परत गेले आणि एकच स्वेटर घालून झोपू लागले. मला वाटलं, झालं. आता ते राहतील.

एप्रिलमध्ये ते म्हणाले, "माझं तिकीट काढ."

"का बाबा? आता तर खोली गरम झाली."

"खोलीचं काही नाही," ते म्हणाले. "खोली चांगली आहे. पण मी सकाळी उठून कोणाशी बोलू? तुम्ही जाता. पोरगी शाळेत जाते. वॉल्टर चांगला माणूस आहे, पण किती खोकून दाखवू त्याले?" आम्ही दोघंही हसलो. मे महिन्यात ते गेले. विमानतळावर मृणाल रडली, मी रडले नाही. मला दुसऱ्या दिवशी सकाळची ड्यूटी होती.

बाबा अठ्ठ्याऐंशी साली वारले. तार आली, मग फोन लागला. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. भाऊ भिलाईहून बदली करून नागपूरला परतला होता, त्याच्या नव्या फ्लॅटमध्ये मी उतरले. वहिनीनं माझ्यासाठी नवी चादर घातली होती, घडीच्या रेघा अजून तशाच. सकाळी माझ्यासाठी वेगळं उकळलेलं पाणी बाटलीत भरून ठेवायची, "ताई, तुम्हाला आमचं बाधायचं." मी स्वयंपाकघरात गेले की म्हणायची, "तुम्ही बसा." दहा दिवस मी बसले. सगळे माझ्याशी फार चांगले वागले. त्यांच्या चांगलं वागण्यानं मी इतकी दमले की अकराव्या दिवशी विमानात बसताच झोपून गेले.

न्यूअर्कच्या विमानतळावर अशोक आणि मृणाल घ्यायला आले होते. घरी पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. दारात बुटांचा ढीग, सिंकमध्ये तीन दिवसांची भांडी, दूध संपलेलं. मृणाल बॅकपॅक टाकून म्हणाली, "मॉम, आय हॅव अ प्रोजेक्ट ड्यू टुमॉरो, आय नीड ग्लू." अशोक गाडीतून सामान काढत होते. कुणी मला बस म्हणालं नाही. कुणी पाणी आणून दिलं नाही. मी कोट न काढताच सिंकपाशी गेले, एक ग्लास विसळला, नळाचं पाणी भरून उभ्यानंच प्यायले, आणि बाह्या वर सारून भांडी घासायला घेतली.

तिकडं राहिलेल्या तुम्हा सगळ्यांपैकी, किंवा माझ्यासारखं इकडं आलेल्यांपैकी, घर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगू शकते. त्या दिवशी मला कळलं की मी घरी आलेय. आनंद झाला नाही. पण मी पाहुणी नव्हते.